वाचकांचे प्रश्न : बेटांवर उपग्रहावरून रेडिओ

अंदमान, लक्षद्वीप आणि त्याहून दूरच्या बेटांवर राहणाऱ्या किंवा तिकडे जाणाऱ्या वाचकांच्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. उपग्रह आकाशात असणे आणि त्याचा झोत तुमच्या बेटावर पडणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. संच घेण्याआधी दुसरी तपासा.

प्रश्न : माझी बदली पोर्ट ब्लेअरला झाली आहे, वडीलही सोबत येणार आहेत. त्यांना सकाळी आकाशवाणीचे मराठी कार्यक्रम आणि रात्री शास्त्रीय संगीत लागते. इथला डीडी फ्री डिशचा संच उचलून तिकडे नेला तर चालेल का? (सांगली)

सेट टॉप बॉक्स न्या, छत्री इथेच ठेवा.

दूरदर्शनची ही मोफत सेवा १६ डिसेंबर २००४ रोजी 'डीडी डायरेक्ट प्लस' नावाने सुरू झाली. तिच्यावर टीव्हीबरोबर आकाशवाणीच्याही वाहिन्या असतात. त्यांत आकाशवाणी मराठी आहे, विविध भारती आहे आणि २६ जानेवारी २०१६ पासून बंगळूरहून चालणारी शास्त्रीय संगीताची 'रागम्' आहे. वडिलांना हवे ते सगळे उपग्रहावर आहे. अडचण झोताची आहे. या सेवेचा केयू बँडमधला (अकरा-बारा गिगाहर्ट्झच्या, लहान छत्रीवर पकडता येणाऱ्या लहरींचा) झोत मुख्य भूमीसाठी आखलेला होता, आणि देशात फक्त अंदमान-निकोबार त्याच्या बाहेर राहिले. म्हणूनच २००९ मध्ये त्या बेटांसाठी सी बँडवर (सुमारे चार गिगाहर्ट्झवर, मोठी छत्री लागते) दहा वाहिन्यांची वेगळी सेवा द्यावी लागली. त्यानंतर उपग्रह बदलले. सध्याचा जीसॅट-१५ नोव्हेंबर २०१५ मध्ये गेला आणि तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. तरीही तुमच्या वस्तीत लहान छत्रीवर फ्री डिश चालताना प्रत्यक्ष दिसल्याशिवाय त्यावर पैसे घालू नका. शेजारच्या चार घरांच्या गच्च्या बघा आणि स्थानिक डिशवाल्याला विचारा : कोणता उपग्रह, किती फुटांची छत्री, पावसाळ्यात किती वेळ बंद. ही तीन उत्तरे कुठल्याही नकाशापेक्षा खरी.

झोताच्या कडेवर सिग्नल क्षीण असतो, तिथे छत्रीचा आकार कामाला येतो. पकडलेली शक्ती व्यासाच्या वर्गाने वाढते. साठ सेंटिमीटरऐवजी नव्वदची छत्री लावली तर सव्वादोन पट, एकशेवीसची लावली तर चौपट. पण झोताच्या पार बाहेर असाल तर छत्री कितीही वाढवून उपयोग नाही.

सी बँडचा रस्ता जास्त भरवशाचा आहे. जानेवारी २०२० मध्ये गेलेला जीसॅट-३० हा ८३ अंश पूर्वेला आहे. त्याच्या सी बँडचा झोत आखाती देशांपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरतो, आणि केयू बँड भारताच्या मुख्य भूमीबरोबर बेटांसाठीही आखला आहे. डिसेंबर २०२० चा सीएमएस-०१ तर अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप गृहीत धरूनच बनवला गेला, विस्तारित सी बँडवर. सी बँडसाठी सहा ते आठ फुटांची छत्री, सी बँडचा एलएनबी (छत्रीसमोर बसणारा, सिग्नल पकडून केबलमध्ये सोडणारा भाग) आणि डीव्हीबी-एस२ या उपग्रह प्रक्षेपण पद्धतीचा साधा मोफत वाहिन्यांचा बॉक्स लागतो. बॉक्सच्या मेनूत एलएनबीचा प्रकार 'सी बँड, ५१५०' निवडा. तिथे केयूचे ९७५०/१०६०० राहून गेले, तर छत्री अचूक बसूनही एक वाहिनी सापडत नाही आणि माणूस दिवसभर छत्रीच हलवत बसतो. शोध घेताना 'टीव्ही आणि रेडिओ' हा पर्याय ठेवा. बऱ्याच बॉक्सवर मुळात 'फक्त टीव्ही' असतो आणि मग रेडिओ आलाच नाही असे वाटते.

दिशा. पोर्ट ब्लेअरहून (आता श्रीविजयपुरम) ९३.५ अंशांचा उपग्रह जवळजवळ डोक्यावर आहे. उंची क्षितिजापासून ७६ अंश आणि दिशा दक्षिणेच्या जरा पूर्वेला, म्हणजे उत्तरेपासून १७६ अंश. जीसॅट-३० साठी उंची ७२, दिशा २२० अंश, म्हणजे नैर्ऋत्येला. हे कोन महाराष्ट्रात काम केलेल्या माणसाच्या हाताला नवे असतात. त्यातून दोन गोष्टी घडतात.

एक, काही स्टँडवरची कोनाची पट्टी इतक्या वर जातच नाही. अशा वेळी बोल्ट ताणून स्टँड वाकवू नका. खांबच मोजून दहा अंश कलता रोवा आणि पट्टीवर दहा अंश कमी धरा.

दोन, केंद्रात एलएनबी असलेली गोल सी बँड छत्री ७६ अंशांवर आभाळाकडे तोंड करून जवळजवळ आडवी होते. पत्र्याची भरीव छत्री असेल तर तिच्यात पाणी साचते, पाने कुजतात, डासही होतात. जाळीची छत्री घ्या, किंवा भरीव छत्रीला सगळ्यात खालच्या जागी आठ मिलीमीटरचे भोक पाडून कडेला झिंक प्रायमर लावा. सी बँडची तरंगलांबी सुमारे साडेसात सेंटिमीटर असल्याने पाच-सहा मिलीमीटर भोकांची जाळी चालते. त्याच जाळीवर केयूचा एलएनबी लावून दोन्ही कामे साधायला जाऊ नका. अडीच सेंटिमीटरच्या लहरी त्या भोकांतून निसटून वाया जातात. आडव्या छत्रीला वारा समोरून ढकलत नाही, खालून उचलतो. वाळूच्या पिशव्या पुरत नाहीत, खांब काँक्रीटमध्येच हवा.

एवढ्या उंच कोनाचा फायदाही आहे. वीस मीटर उंच झाड दक्षिणेला पाच मीटरवर असले तरी आड येत नाही, पावसातून जाणारी वाटही थोडी आखूड होते. फक्त नारळाच्या खाली छत्री बसवू नका. कारण सांगायला नको.

हे सगळे उभे राहीपर्यंत, आणि नंतरही, घरात मीडियम वेव्हचा साधा रेडिओ ठेवा. पोर्ट ब्लेअर आकाशवाणी ६८४ किलोहर्ट्झवर आहे. मीडियम वेव्हच्या लहरी खाऱ्या पाण्यावरून जमिनीपेक्षा कितीतरी दूर जातात, कारण समुद्राची विद्युतवाहकता मातीपेक्षा शेकडो पटींनी जास्त असते. बेटांवर हा रेडिओ त्यामुळे फार उपयोगी पडतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत संपर्क तुटला, तेव्हा हॅम रेडिओसाठी (हौशी लोकांच्या परवानाधारक रेडिओ संपर्कासाठी) आधीच तिथे गेलेल्या हैदराबादच्या चमूने शॉर्टवेव्हवरून निरोप पोचवले होते. आणीबाणीत छत्रीच्या आधी बॅटरीवरचा रेडिओ हाताशी हवा.

प्रश्न : वडिलांचा २००६ सालचा वर्ल्डस्पेसचा सेट चालू स्थितीत आहे, सोबतची छोटी पाटीसारखी अँटेनाही आहे. बेटावर त्याला सिग्नल मिळेल का? (पुणे)

नाही. बेटावर नाही आणि पुण्यातही नाही. वर्ल्डस्पेस ही वर्गणी घेऊन उपग्रहावरून रेडिओ देणारी कंपनी होती. तिचे दोन उपग्रह होते. ऑक्टोबर १९९८ मध्ये गेलेला अॅफ्रीस्टार २१ अंश पूर्वेला, आणि मार्च २००० मध्ये गेलेला एशियास्टार १०५ अंश पूर्वेला. कंपनीने ऑक्टोबर २००८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि भारतातली सेवा ३१ डिसेंबर २००९ रोजी थांबली. जुने सेट 'उपग्रह रेडिओ, मासिक वर्गणी नाही' अशा जाहिरातींतून अजून विकले जातात, ते घेऊ नका. वडिलांच्या सेटला ऑक्स इनपुट असेल तर फोन जोडून चांगला स्पीकर म्हणून वापरता येईल. सुरुवातीच्या काही सेटमध्ये एफएम, मीडियम आणि शॉर्टवेव्हही होते. तसा असेल तर बेटावर जरूर न्या.

त्या सेवेची उणीव बेटांना जास्त जाणवते, आणि त्याचे कारण तांत्रिक आहे. ती एल बँडवर, १४५० ते १५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालायची. तळहातापेक्षा थोडी मोठी अँटेना अंदाजाने उपग्रहाकडे वळवली की पुरे. पावसाने आवाज जात नसे, कारण या फ्रिक्वेन्सीवर पाऊस जवळजवळ काहीच शोषत नाही. आज भारतात फक्त रेडिओसाठी अशी कोणतीही सेवा नाही. डीटीएचवरचा रेडिओ त्याची जागा अर्धीच भरतो, कारण त्याला अचूक बसवलेली आणि न हलणारी छत्री लागते. सुमारे अकरा हजार किलोमीटरचा किनारा आणि शेकडो बेटे असलेल्या देशात लहान अँटेनावर चालणारा उपग्रह रेडिओ पुन्हा यायला हवा. वादळाचा इशारा घराघरांत आणि होडीहोडीत पोचवायला त्याहून सोपे साधन नाही.

प्रश्न : मुंबईहून कवरत्तीला येताना फ्री डिशची छत्री एलएनबीसकट आणली. उपग्रहाकडे नीट वळवली आहे. सिग्नल स्ट्रेंग्थ ८० टक्के दिसते, पण क्वालिटी २०-३० वर नाचते आणि आकाशवाणी मराठी मध्येच तुटते. एलएनबी खराब झाला का? (कवरत्ती, लक्षद्वीप)

एलएनबी बहुधा ठीक आहे. त्याचा पीळ चुकला आहे.

स्ट्रेंग्थ म्हणजे केबलमधून एकूण किती शक्ती येते ते. क्वालिटी म्हणजे त्यातला हवा तो सिग्नल किती स्वच्छ आहे ते. पहिली भरपूर आणि दुसरी पडलेली असेल, तर सिग्नल येतो आहे पण त्यात दुसरे काहीतरी मिसळते आहे. उपग्रह एकाच फ्रिक्वेन्सीवर उभ्या आणि आडव्या अशा दोन ध्रुवीकरणांत वेगवेगळे सिग्नल पाठवू शकतो. उपग्रहाचे उभे-आडवे आणि तुमच्या जमिनीचे उभे-आडवे जुळत नाही, म्हणून एलएनबी त्याच्या क्लॅम्पमध्ये फिरवून बसवावा लागतो. मुंबईत ९३.५ अंशांच्या उपग्रहासाठी हा पीळ सुमारे ४५ अंश असतो. कवरत्तीत तो ६२ अंश लागतो. तुम्ही जुनाच पीळ ठेवला असेल तर १७ अंशांची चूक आहे. तेवढ्या चुकीने हवा असलेला सिग्नल जेमतेम आठ-नऊ टक्के घटतो, म्हणून स्ट्रेंग्थ हलत नाही. पण नको असलेल्या ध्रुवीकरणाचा साधारण बारावा हिस्सा आत शिरतो आणि क्वालिटी पाडतो.

दुरुस्ती अशी करा. बॉक्सवर ११०९० मेगाहर्ट्झ, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० ही नोंद उघडा. एलएनबीची सेटिंग ९७५०/१०६०० असू द्या. घरात कोणीतरी पडद्यावरची क्वालिटी मोठ्याने वाचत राहील अशी व्यवस्था करा. छत्रीच्या मागे उभे राहून उपग्रहाकडे तोंड करा. क्लॅम्पचा स्क्रू एक आटा सैल करून एलएनबी घड्याळाच्या उलट दिशेने चार-पाच अंश फिरवा आणि पाच सेकंद थांबा. बॉक्सचा आकडा हळू बदलतो. घाईने फिरवणाऱ्याच्या हातून चांगली जागा निसटून जाते. क्वालिटी चढत जाईल, मग उतरू लागेल. जिथे सर्वांत जास्त होती तिथे परत या आणि स्क्रू आवळा. आवळताना एलएनबी थोडा फिरतोच, म्हणून शेवटचा आकडा पुन्हा बघा. त्यानंतर छत्री दोन्ही बाजूंना आणि वर-खाली अगदी केसभर हलवून पाहा.

दिशेचे आकडेही ताडून घ्या. मुंबईत उंची ५७ आणि दिशा १३१ अंश असते, कवरत्तीत उंची ६३ आणि दिशा ११६. मिनिकॉयला राहणाऱ्यांसाठी उंची ६४, दिशा १११ आणि पीळ ६७ अंश. होकायंत्र लोखंडी खांबापासून दोन पावले लांब धरून वाचा, नाहीतर तो खांबाकडेच ओढला जातो. छत्रीवर छापलेली उंचीची पट्टी ऑफसेट छत्रीचा (एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असलेल्या छत्रीचा) कोन धरूनच आखलेली असते. छत्री डोळ्यांना फार खाली बघते आहे असे वाटले तरी पट्टीवर विश्वास ठेवा, फक्त खांब ओळंब्यात हवा.

प्रश्न : शहीद द्वीपावरच्या आमच्या छोट्या निवासात मोठा पाऊस झाला की डिश बंद पडते. पूर्वी पाऊस थांबला की लगेच चालू व्हायची, आता दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू होते. असे का? (अंदमान)

पावसामुळे सिग्नल जाणे आणि पाणी आत शिरणे हे दोन वेगळे आजार आहेत. तुमच्याकडे पहिला होता, आता दुसरा लागला आहे.

केयू बँडच्या अकरा-बारा गिगाहर्ट्झच्या लहरी मोठ्या थेंबांत शोषल्या आणि विखुरल्या जातात. सर जोरात असेपर्यंत आवाज जातो, ओसरली की मिनिटांत परत येतो. वर्षाला सुमारे तीन हजार मिलीमीटर पाऊस पडणाऱ्या भागात हे चालायचेच. छत्री एक आकार मोठी घेतली तर बंद पडण्याचा वेळ कमी होतो. सी बँडवर हा त्रास जवळजवळ नसतो.

पण पाऊस थांबून तास-दोन तास झाले तरी सिग्नल येत नाही आणि ऊन पडल्यावर येतो, याचा अर्थ कुठेतरी साचलेले पाणी वाळण्याची वाट बघितली जाते आहे. बेटावर ते पाणी खारट असते. बॉक्स केबलमधून एलएनबीला सतत १३ किंवा १८ व्होल्ट देतो. मीठ, पाणी आणि हा विद्युतदाब एकत्र आले की मधली तांब्याची तार आणि कनेक्टर झपाट्याने खाल्ले जातात. मुख्य भूमीवर पाच वर्षे टिकणारा जोड इथे एका पावसाळ्यात जातो तो यामुळे.

आधी बॉक्सचा प्लग काढा. मग एलएनबीकडचा एफ कनेक्टर उघडा. हिरवी भुकटी किंवा केबलमधली काळी पडलेली जाळी दिसली तर निदान झाले. तेवढाच तुकडा कापून नवा कनेक्टर लावला तर महिन्याभरात पुन्हा तेच होते. पाणी जाळीतून केशाकर्षणाने आत चढलेले असते. एकेक वीत कापत जा आणि जाळी लख्ख चकाकणारी दिसेपर्यंत थांबू नका. पूर्ण केबल काळी असेल तर बदला. नवी आरजी-६ केबल घेताना मधली तार पूर्ण तांब्याची आहे का ते विचारा. पोलादावर तांब्याचा मुलामा असलेली स्वस्त केबल एकदा ओरखडली की तिला गंज चढतो. लांबी कमीत कमी ठेवा, कारण शंभर मीटरला वीस ते तीस डेसिबल सिग्नल वाटेतच जातो. दाबून बसवायचे कॉम्प्रेशन कनेक्टर वापरा, पिळून बसवायचे नकोत.

जोडणी करताना कनेक्टरच्या आत मोहरीएवढे सिलिकॉन ग्रीस लावा. बाहेरून स्वतःला चिकटणारी रबरी टेप दुप्पट ताणून गुंडाळा, आणि ती खालून वर गुंडाळा. मग कौलांप्रमाणे वरचा थर खालच्यावर येतो आणि पाणी घसरते. वरून खाली गुंडाळलेली टेप उलट पाणी आत घेते. त्यावर उन्हापासून राखण म्हणून काळी पीव्हीसी टेप. खिडकी-दाराला लावतात ती, व्हिनेगरसारखा वास येणारी सिलिकॉन पेस्ट इथे लावू नका. सुकताना तिच्यातून आम्ल सुटते आणि ते तांबे खाते. केबल एलएनबीपासून आधी खाली वीतभर लोंबू द्या आणि मग वर न्या, घरात शिरण्याआधीही तसाच झोला ठेवा.

एलएनबीच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी बोटाने दाबून बघा. उन्हाने ती ठिसूळ होते, केसासारखी चीर पडते आणि आत वाफ धरते. टोपी तडकली असेल तर एलएनबी बदलाच, चिकटपट्टीने भागत नाही. स्टेनलेसचे बोल्ट ३१६ दर्जाचे घ्या. अॅल्युमिनियमच्या छत्रीला ते लावताना मध्ये नायलॉनचे वॉशर घाला, नाहीतर बोल्ट शाबूत राहतो आणि त्याच्याभोवतीचे अॅल्युमिनियम पिठासारखे होते. दर पंधरा दिवसांनी छत्री, एलएनबी आणि स्टँड गोड्या पाण्याने धुवा. गोडे पाणी कमी असेल तर निदान पावसाळा संपताना एकदा नक्की धुवा. नंतरच्या कोरड्या महिन्यांत साचलेले मीठ धुऊन न्यायला पाऊस नसतो.

प्रश्न : बहीण होनोलुलूला राहायला गेली. कॅलिफोर्नियात तिच्या गाडीतला सिरियस एक्सएम हा अमेरिकी उपग्रह रेडिओ उत्तम लागायचा, तिथे काहीच नाही. अँटेना बदलावी का? (ठाणे)

अँटेना बदलून काही होणार नाही. सिरियस एक्सएमचा एक उपग्रह ११५ अंश पश्चिमेच्या आसपास आहे. होनोलुलूहून तो क्षितिजाच्या वर जवळपास ३६ अंश उंचीवर असतो, म्हणजे भूमितीने दिसतो. पण २३२० ते २३४५ मेगाहर्ट्झवरचा त्याचा झोत उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर रोखलेला आहे. हवाई त्याच्या बाहेर आहे. तिथे ती सेवा फक्त इंटरनेटवरून, अॅपद्वारे ऐकता येते. फोन ब्लूटूथने गाडीला जोडणे हाच मार्ग. डोंगरातल्या रस्त्यांवर मोबाइल नेटवर्क तुटते, त्यासाठी कार्यक्रम घरीच डाउनलोड करून ठेवावेत.

प्रश्न : टीव्ही न लावता फक्त रेडिओसाठी डीटीएच बॉक्स वापरता येतो का? आमच्याकडे वीज ठराविक वेळच असते, सौर पॅनेलवर चालवायचे आहे. (निकोबार)

येतो. एकदाच कोणाच्या तरी टीव्हीवर बॉक्स लावून वाहिन्या शोधून घ्या. रेडिओच्या यादीत हव्या त्या सात-आठ वाहिन्या वर आणा आणि त्यांचे क्रमांक कागदावर लिहून बॉक्सला चिकटवा. बहुतेक बॉक्स बंद करताना लागलेली वाहिनीच पुन्हा सुरू होताना लावतात. मागच्या लाल-पांढऱ्या एव्ही सॉकेटमधून आवाज स्पीकरला घ्या, रिमोटवरून आकडा दाबून वाहिनी बदला.

बॉक्सच्या अॅडॉप्टरवर १२ व्होल्ट डीसी लिहिलेले असेल तरच हे सोपे आहे. बॉक्स आणि एलएनबी मिळून साधारण आठ-दहा वॉट घेतात. रोज सहा तास म्हणजे साठ वॉट-तास. बारा व्होल्ट, चाळीस अँपिअर-तासाची बॅटरी निम्मीच वापरायची असे धरले तरी ढगाळ चार दिवस निघतात. पॅनेल पन्नास वॉटचे पुरे. बॅटरी थेट बॉक्सला जोडू नका. चार्ज होताना ती १४.४ व्होल्टपर्यंत जाते आणि रात्री साडेअकरावर उतरते. मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा कन्व्हर्टर आणि दोन अँपिअरचा फ्यूज घाला. हा कन्व्हर्टर मीडियम वेव्हच्या रेडिओपासून दोन-तीन मीटर लांब ठेवा, त्याची घरघर रेडिओत येते.

प्रश्न : आता समुद्राखालून केबल आली, मग छत्रीच्या भानगडीत कशाला पडायचे? (रत्नागिरी)

जिथे केबलचे इंटरनेट घरापर्यंत पोचले आहे तिथे खरेच पडू नका. चेन्नई ते अंदमान-निकोबार केबल १० ऑगस्ट २०२० रोजी सुरू झाली, कोची ते लक्षद्वीप ३ जानेवारी २०२४ रोजी. आकाशवाणीच्या 'न्यूजऑनएअर' अॅपवर मराठी केंद्रे थेट ऐकता येतात. प्रवाह ६४ किलोबिटचा धरला तर तासाला सुमारे २९ मेगाबाइट, रोज चार तास ऐकले तरी महिन्याला साडेतीन गिगाबाइट. पण केबल ज्या बेटांवर टेकते तिथून पुढच्या वस्त्यांपर्यंत टॉवर आणि वीज लागते, आणि वादळात आधी तेच जातात. अशा ठिकाणी छत्री राहू द्या.

प्रश्न : आमची मासेमारीची बोट पंधरा-पंधरा दिवस बाहेर असते, लक्षद्वीपच्या बाजूलाही जाते. बोटीवर डिश लावून रेडिओ ऐकता येईल का? (रत्नागिरी)

साध्या छत्रीने नाही. साठ सेंटिमीटरच्या छत्रीची नजर अवघी तीन अंश रुंद असते. बोट दीड अंशाहून जास्त कलली की उपग्रह सुटतो. आपोआप दिशा धरून राहणारी घुमटातली अँटेना मिळते, पण तिची किंमत लाखांत असते आणि मासेमारीच्या बोटीला ती परवडणारी नाही.

करमणुकीसाठी मीडियम वेव्ह, रात्री शॉर्टवेव्हही. इशाऱ्यांसाठी मात्र 'जेमिनी' हे उपकरण पाहा. ऑक्टोबर २०१९ मध्ये ते सुरू झाले. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेची वादळ, मोठ्या लाटा आणि मासळीच्या जागांची माहिती 'गगन' यंत्रणेच्या उपग्रहांवरून ते घेते आणि ब्लूटूथने तुमच्या फोनवर दाखवते. किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर मोबाइलचे नेटवर्क संपते, त्यापुढेही हे चालते. अँटेना रोखावी लागत नाही. संदेश फक्त येतो, तुम्हाला पाठवता येत नाही, म्हणून व्हीएचएफ सेट चॅनेल १६ वर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर, चालू ठेवणे सुटत नाही.

प्रश्न : अमेरिकेतल्या भावाने दिलेला उपग्रहावरून निरोप पाठवणारा छोटा संच अंदमानच्या सहलीत नेऊ का? (नाशिक)

नेऊ नका. उपग्रहाचे नुसते प्रक्षेपण ऐकणारा रेडिओ वेगळा, आणि उपग्रहाकडे संदेश पाठवणारा संच वेगळा. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय थुराया किंवा इरिडियमचे उपग्रह फोन आणि संदेशसंच भारतात बाळगता येत नाहीत. विमानतळावर असे संच जप्त होतात, गुन्हाही नोंदवला जातो.

प्रश्न : दरवर्षी मार्चमध्ये आणि पावसाळ्याच्या शेवटी काही दिवस, स्वच्छ उन्हात, डिशचा आवाज ठराविक वेळी जातो. बिघाड आहे का? (पोर्ट ब्लेअर)

बिघाड नाही. त्या दिवसांत सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या रेडिओ गोंगाटात उपग्रहाचा क्षीण सिग्नल बुडतो. तुमच्याकडे ९३.५ अंशांच्या उपग्रहासाठी हे मार्चच्या मध्यावर आणि सप्टेंबरच्या अखेरीस, सकाळी अकरा ते साडेअकराच्या दरम्यान, सलग काही दिवस रोज थोडी मिनिटे होते. त्या वेळी छत्रीला हात लावू नका. याचा एक उपयोगही आहे : त्याच क्षणी एलएनबीची सावली छत्रीवर कुठे पडते ते खडूने खुणावून ठेवा. पुढे वादळात छत्री हलली, तर पुढच्या अशाच दिवशी तीच सावली त्या खुणेवर आणली की दिशा आणि उंची दोन्ही जवळपास जुळतात, उरलेले क्वालिटीचा आकडा बघून नीट करता येते.